दाराच्या डाव्या अंगाला

दरेकर सर कुणाच्याही घरी गेले की लगेच आत यायचे नाहीत. बाहेर उभे राहून उंबऱ्याच्या डाव्या अंगाला बघत राहायचे. तिथं कुंडी असली तर कुंडीकडे, चपला असल्या तर चपलांकडे, काहीच नसलं तर नुसत्या फरशीकडे. आतून कुणी "या की सर" म्हणालं की भानावर यायचे आणि थोडंसं ओशाळून चपला काढायचे. भोरमध्ये त्यांचं जाणंयेणं असलेल्या घरांना ही सवय माहीत होती. कुणी म्हणायचं, वास्तुशास्त्र बघतात. कुणी म्हणायचं, बायको गेल्यापासून असंच चाललंय. हे दुसरं म्हणणं जास्त खरं होतं.

सरांना जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांनी मला काय दिलं ते सांगायला बसले तर माझीच गोष्ट होईल, म्हणून एवढंच सांगते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीला बसलेलंसुद्धा नव्हतं. माझा निकाल लागल्यावर सर आमच्या गावी आले, वडिलांशेजारी ओट्यावर बसले आणि बराच वेळ भाताच्या रोपांबद्दल बोलले. उठता उठता म्हणाले, "सुनंदाचं नाव भोरच्या कॉलेजात घालतोय. सकाळच्या एसटीनं जाईल, संध्याकाळच्या एसटीनं येईल. एसटी चुकली तर आमच्या घरी राहील, काकू आहेत." वडिलांना नाही म्हणायला त्यांनी जागाच ठेवली नव्हती. आज मी नसरापूरला शिकवते ती त्या ओट्यावरच्या गप्पांमुळे.

वेल्ह्याच्या हायस्कूलमध्ये ते आम्हाला विज्ञान शिकवायचे. तपकीर ओढायचे. फळ्यावर लिहितालिहिता डबी काढायचे, चिमूट नाकात जायची आणि सगळा वर्ग शिंकेची वाट बघत बसायचा. शिंक आली की सर म्हणायचे, "झालं तुमचं? आता पान उलटा." फुलाचे भाग शिकवायचे असले की पुस्तक मिटून आम्हाला शाळेमागच्या डोंगरावर न्यायचे. धायटी फुललेली असली की लाल नळीसारखं एकेक फूल तोडून प्रत्येकाच्या हातावर ठेवायचे. "चोखा." आम्ही चोखायचो, गोड लागायचं. "हा मध झाड कुणासाठी ठेवतं?" "पाखरांसाठी." "मग तुम्ही का खाल्लात? आता पाखराचं काम तुम्ही करा. दुसऱ्या फुलाला नाक लावा." वर्गातली पोरं नाकाला पिवळे परागकण लावून हिंडायची. झाडाजवळ गेल्यावर आधी हात मागे बांधायचे, ही त्यांची शिस्त होती. "नुसतं बघायचं. बघून झालं की परत एकदा बघायचं." हे वाक्य त्यांनी किती पिढ्यांना सांगितलं असेल.

तेव्हा ते कुंभळवाडीत राहायचे. वाडी खोऱ्यात आत होती. सर सकाळी उजाडायच्या आत निघायचे, खिंड चढून शाळेत यायचे आणि शाळेनंतरचे जादा तास संपवून दिवेलागणीला परत पोचायचे. मग मी दहावीत असताना धरणाचं पाणी आलं आणि वाडी उठली. सर आणि काकू भोरला आले, आणि सर उलट दिशेनं एसटीनं वेल्ह्याला येऊ लागले.

हौसाकाकूंना मी पाहिलं ते भोरच्या घरात. बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या. एसटी चुकली की मी त्यांच्याकडे राहायची. मला वाढताना त्या भाकरी पुढे सरकवायच्या आणि आपण भिंतीकडे तोंड करून जेवायच्या. बाजारातून येताना त्या कधीकधी शेजाऱ्यांच्या दारात जाऊन उभ्या राहत. ओळीतली सगळी घरं एकाच बांधणीची होती. "हितं दारं सगळी सारखीच दिसत्यात," एवढंच म्हणायच्या. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना त्या गेल्या. सरांनी तपकिरीची डबी त्याच आठवड्यात ओढ्यात टाकली, आणि निवृत्तीनंतर त्यांना झाडांचं वेड लागलं.

वेड म्हणजे, भोर-वेल्ह्यात कुणी घर बांधलं की सर स्वतःहून जायचे आणि अंगणात काय लावायचं ते सांगायचे. आम्ही भाटघरच्या रस्त्याला घर बांधलं तेव्हा मीच त्यांना बोलावलं. माझ्या सासूबाई तोवर पुण्याहून रोपं घेऊन येणाऱ्या टेम्पोवाल्याशी बोलून बसल्या होत्या. त्यांना चकचकीत पानांची, बारमाही फुलणारी परदेशी झुडपं हवी होती. शेजारच्या बंगल्यात होती तशी.

सर आले, उंबऱ्यापाशी थांबले, डाव्या अंगाला बघितलं आणि मग अंगणात उतरले. पायानं माती उकरली. मुरूम होता.

"वहिनी, ह्या झाडांना उन्हाळ्यात पाणी कोण घालणार?"

"नळ हाय की."

"मेमध्ये नळ येतो का तुमच्याकडे?"

सासूबाई म्हणाल्या, "तुमी काय लावा म्हणता? डोंगरातली काटंकुटं?"

"काटं नको. पण डोंगरातली म्हणतो खरं. नर्सरीतलं झाड पाहुण्यासारखं, रोज विचारपूस करावी लागते. डोंगरातलं घरच्यासारखं. चार दिवस विचारलं नाही तरी रुसत नाही."

"घरची मान्सं लई रुसत्यात सर. तुमाला ठावं न्हाई."

सर मोठ्यानं हसले. मग त्यांनी अंगण फिरून दाखवलं. झुडूप निवडताना फुलाला शेवटी विचारायचं, आधी उन्हाला विचारायचं, मग पाण्याला, ही त्यांची पद्धत. पश्चिमेला मुरूम तापतो तिथं धायटी. थंडी सरता सरता लाल होईल आणि शिंजीर पक्षी येतील. घराच्या मागे सावलीत भारंगी. पावसाळ्यात निळसर फुलं येतात, कोवळ्या पानाफुलांची भाजी होते. मोरीचं पाणी जातं तिथं अडुळसा. खोकल्याला पानं आणि हिवाळ्यात पांढरी फुलं. कुंपणाला मुरुडशेंग, तिच्या पिळाच्या शेंगांसाठी मुलं शेजारून येतील. कोपऱ्यात भुतकेस लावा म्हणाले. नारिंगी फुलाशेजारी एखादंच पान पांढरंशुभ्र होतं, लांबून कुणीतरी रुमाल ठेवल्यासारखं दिसतं.

"दारात भुताचं झाड?" सासूबाईंनी पदर खोचला. "ते तेवढं न्हाई."

"बरं, ते नको," सर म्हणाले. आणि जरा वेळानं, "आमच्याकडे आहे."

रोपं ते डोंगरातून कधी उपटून आणायचे नाहीत. बी आणायचे, नाहीतर फांदी लावायचे. आमची रोपं त्यांनीच पिशव्यांत वाढवून दिली. सगळं ठरल्यावर ते पुन्हा उंबऱ्यापाशी आले.

"आणि इथं? तुझ्या माहेरी दाराच्या डाव्या अंगाला काय होतं?"

"कोंबड्यांचं खुराडं, सर."

"तुला आठवतं म्हणजे," ते म्हणाले. हसतील असं मला वाटलं होतं, पण हसले नाहीत. पायरीवर बसले. सासूबाई चहा टाकायला आत गेल्या होत्या. तेव्हा त्यांनी मला सांगितलं.

वाडी उठायच्या दिवशी टेम्पो दारात उभा होता. वासे, कौलं, देव, भांडी सगळं चढवून झालं होतं. काकू म्हणाल्या, "दारचं झाड घ्या की." सर म्हणाले, "डोंगर भरून झाडं आहेत. तिकडं दुसरं लावू." काकूंनी पुन्हा काही म्हटलं नाही. भोरला आल्यावरही नाही. शेवटच्या दुखण्यात मात्र त्यांनी एका संध्याकाळी विचारलं, "दारचं झाड लावलंत का?" सर म्हणाले, "लावलं." काकूंनी डोळे मिटले.

"मी 'लावलं' म्हणालोय, सुनंदा. ती ते ऐकून गेली. आता लावायला पाहिजे."

"मग लावा की, सर. कुठलं होतं?"

"तेच तर मला माहीत नाही."

मला आधी कळलंच नाही. ज्यांना साऱ्या खोऱ्यातलं पान न् पान ओळखू यायचं, त्यांना स्वतःच्या दारातलं झाड माहीत नव्हतं. ते अंधारात निघायचे आणि अंधार पडताना यायचे. रविवारी वह्या तपासत, नाहीतर डोंगरावर जात, झाडं बघायला. दारात डाव्या अंगाला काहीतरी होतं आणि संध्याकाळी येताना ते पांढरं दिसायचं, इतकंच त्यांना आठवत होतं. वास आठवत नव्हता, कारण त्या काळात तपकिरीनं नाक मेलेलं होतं.

"काकूंना विचारायचं होतं."

"कसं विचारणार? विचारलं असतं तर तिला कळलं असतं की मी कधी बघितलंच नाही."

त्यानंतर मी त्यांच्या घरी गेले की वेगळ्या नजरेनं बघायची. त्यांच्या बागेत सगळी फुलं पांढरी होती. कुडा, करवंद, गेळा, पांढऱ्या पानाचं भुतकेस, पांढरी कोरांटी, कुंपणावर कुसरीची वेल. सगळी डोंगरातली, सगळी काकूंच्या त्या एका झाडाच्या जागेसाठी उभी असलेली. एकेक झाड कुंडीत घालून दाराच्या डाव्या अंगाला ठेवायचे, फुलायची वाट बघायचे आणि फुललं की दिवेलागणीला रस्त्यापर्यंत जाऊन परत यायचे, त्याच्याकडे बघत. मग कुंडी उचलून मागे न्यायचे. करवंद नव्हे, काट्यात काकूंचं लुगडं अडकलं असतं आणि ते सरांच्या कानावर आलं असतं. गेळाही नव्हे, त्याचं फूल दोन दिवसांत पिवळं पडतं. कुडा असेल असं त्यांना बरेच दिवस वाटत होतं, पण कुडा उन्हाळ्यात फुलतो आणि त्यांना तर ते पांढरं सगळ्या ऋतूंत दिसलं होतं, ऐन पावसातही.

"बारा महिने फुलणारं पांढरं झुडूप आपल्या डोंगरात नाही," ते एकदा म्हणाले. "मी पुस्तकं बघितली. नाहीच. पण मी तर बघितलंय."

संध्याकाळी त्या बागेत बसायला मला भीती वाटायची. उजेड कमी झाला की बाकीचं सगळं काळं पडायचं आणि ती पांढरी फुलं तेवढी उरायची, अंगणभर माणसं उभी असल्यासारखी. सर पायरीवर बसून एकीकडून दुसरीकडे बघत असायचे. "तुला ह्यातलं कुठलं ओळखीचं वाटतं?" असं ते मला विचारायचे, जणू मी कुंभळवाडीची होते.

एका उन्हाळ्यात धरणाचं पाणी खूप खाली गेलं. वाडीची जोती उघडी पडल्याचं कळलं म्हणून सर मला घेऊन गेले. गाळ वाळून भेगाळला होता. देवळाचा चौथरा ओळखू येत होता. तिथून वाटेनं चालल्यासारखे चालत सर एका जोत्यापाशी थांबले आणि दार होतं त्या बाजूला गेले. उंबऱ्याचा दगड होता. डाव्या अंगाला शिंपले पडलेला गाळ. ते उकिडवे बसले, हातानं गाळ उकरू लागले. मुळाचा तुकडा, खोडाचा बुंधा, काहीतरी. काही नव्हतं. मी म्हणाले, "सर, ऊन लागतंय." ते उठले, उंबऱ्यावर पाय न देता तो ओलांडून आत गेले, भिंती नसलेल्या घरात थोडा वेळ उभे राहिले आणि त्याच उंबऱ्यावरून बाहेर आले. परतीच्या वाटेवर त्यांनी हात धुतले नाहीत.

वाडीची माणसं आता सगळीकडे विखुरलेली. कुणी पुण्यात, कुणी खाली सपाटीला. कुणी भेटलं की सर विचारायचे, "आमच्या दारात पांढऱ्या फुलांचं झाड होतं, ते कुठलं हो?" एकानं कुडा सांगितला. दुसऱ्यानं कुसर. तिसऱ्यानं तगर. प्रत्येकाला सरांचा मान होता, मग प्रत्येकानं काहीतरी पांढरं आठवून दिलं. सर घरी येऊन ते लावून बघत.

बायडाआजींना तेवढं विचारायचं राहिलं होतं. काकूंच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर होतं. वाडी उठल्यावर त्या मुलाबरोबर दौंडकडे गेल्या त्या गेल्याच. गेल्या वर्षी वैशाखात त्यांच्या नातीचं लग्न भोरच्या कार्यालयात निघालं. सरांना आमंत्रण आलं, मला त्यांनी सोबत नेलं.

आजी खुर्चीवर बसून होत्या, ऐकू कमी यायचं. सर वाकून नमस्कार करायला गेले तर त्यांनीच हात धरला. "मास्तर व्हय? लई वाळला की. कोण घालतंय जेवायला?"

"मीच करतो, आजी."

"तरीच."

सर शेजारी बसले. कानाशी तोंड नेऊन नेहमीचा प्रश्न विचारायला लागले. मला काय वाटलं कोण जाणे, मी मध्येच म्हणाले, "आजी, काकूंच्या दारात डाव्या हाताला कुठलं झाड होतं? फुलाचं जाऊ द्या. काय होतं तेवढं सांगा."

"हौसाच्या? निगडी हुती की. बांधावरची निगडी. तिनंच फांदी खवली हुती."

निर्गुडी. ओढ्याकाठी, बांधाला कुठंही वाढणारी. दारासाठी म्हणून सरांनी ती कधी कुणाला सुचवली नव्हती.

"निर्गुडीचं फूल निळं असतं, आजी," सर म्हणाले. "आणि बारीक. आमच्या दारात पांढरं दिसायचं. मी रोज बघितलंय."

आजींनी त्यांच्याकडे नीट बघितलं. मग हसायला लागल्या, आवाज न करता, खांदे हलवत.

"आवं मास्तर, तुमचा सदरा त्यो."

सर खुर्ची ओढून आणखी जवळ सरकले.

"तुमचं सदरं पांढरं. रोज एक धुयाची आन् निगडीवर टाकायची. दिवं लागायच्या आत कापडं घरात घ्यावीत, बाहीर ठिवू न्हाईत, वाईट असतंय. आमी किती बोललो तिला. सासू जित्ती असताना तिनं तर एकदा थोबाडात दिली. पर ऐकायची न्हाई. म्हणायची, खिंडीतून उतरताना वाट दिसत न्हाई ह्येंना, आपलं दार कळाय पायजेल. पावसात सुदीक टाकायची. वल्लाच. तुमी आत आला, हातपाय धुया बसला, की मग घ्यायची गुपचूप."

मग आम्ही पंगतीला बसलो, कार्यालयात सनई लावली होती. वाढपी बुंदीचं ताट घेऊन आले, सरांनी नको म्हणायलाही हात हलवला नाही, त्यामुळे पानात बुंदी पडली. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या वाटेनं मी कधी चुकलो नाही. मला वाटायचं, पायांना सवय झालीय."

पाऊस पडायला लागला तेव्हा त्यांनी ओढ्यावरून निर्गुडीची फांदी आणली आणि दाराच्या डाव्या अंगाला खोवली. पांढरी झाडं त्यांनी काढली नाहीत; मागितली त्याला दिली. आमच्याकडे कुडा आला. सासूबाईंनी भुतकेसही मागून घेतलं, कारण न सांगता. सरांकडे मी त्या पावसाळ्यात फार जाऊ शकले नाही. कधी गेले तर ते बरे दिसायचे, पण बोलणं कमी झालं होतं. झाडांबद्दल तर बोलतच नसत. "लागलं," एवढंच एकदा म्हणाले. "जीव धरला."

दिवाळीआधी नसरापूरहून येताना मी त्यांच्या वळणावर उतरले. फराळाचा डबा द्यायचा होता. दिवे लागायची वेळ होती, शेजारच्या घरातून तसा उजेड येत होता. सरांच्या घरात उजेड नव्हता. मी वळणावरच थांबले, कारण दारात कुणीतरी पांढरं, ठेंगणं, उभं होतं. मग लक्षात आलं. निर्गुडी कमरेएवढीही वाढली नव्हती. तिच्यावर सरांचा ओला सदरा होता, बाह्या खाली मातीला टेकलेल्या.

सर माझ्या पलीकडून, खालच्या रस्त्यानं येत होते. हातात काही नव्हतं, कुठून आले असं नव्हतं. घरातून निघून रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन परत येत होते. मी दिसले नाही त्यांना. समोर बघत, सावकाश, पायाखाली न बघता चालत आले. फाटकापाशी थांबले. मी हाक मारणार होते.

आत कुणी आहे हे ठाऊक असलेला माणूस घरात शिरण्याआधी खाकरतो, तसे ते खाकरले, आणि दार उघडायची वाट बघत उभे राहिले. मी डबा तसाच घेऊन परत फिरले.